गान्व्हिए : दास्यापासून पळालेल्यांचे पाण्यावरचे गाव

#थ्रेड #इतिहास

१/
पश्चिम आफ्रिकेतील बेनिन या देशात नोकुए नावाचे एक विस्तीर्ण, पण अत्यंत उथळ सरोवर आहे. त्याच्या उत्तर भागात, किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत, पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर एक संपूर्ण गाव उभे आहे. घरे, बाजार, शाळा, प्रार्थनास्थळे, सारे काही पाण्याच्या मधोमध. वस्ती २० हजारांहून अधिक. गावात एकही रस्ता नाही. लहान मूल चालायला शिकते, त्याच सुमारास वल्हे धरायलाही शिकते. या गावाचे नाव गान्व्हिए. माणसे पायाखालची जमीन सोडून पाण्यावर का राहायला गेली, या प्रश्नाचे उत्तर अटलांटिक महासागराच्या सर्वांत काळ्या प्रकरणात दडलेले आहे.

२/
आधी नावाचा अर्थ. स्थानिक परंपरेनुसार ‘गान्व्हिए’ म्हणजे ‘आम्ही वाचलो’, किंवा ‘वाचलेल्यांची वस्ती’. गावांची नावे सहसा नदीवरून, झाडावरून, देवावरून, एखाद्या मूळपुरुषावरून पडतात. या गावाने आपल्या नावात सुटकेचा निःश्वास जपून ठेवला आहे. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणापासून वाचलो?

३/
हा प्रश्न समजून घेण्यासाठी नकाशा पाहावा लागतो. घानामधील व्होल्टा नदीपासून नायजेरियातील लागोसपर्यंतच्या किनाऱ्याला युरोपीय खलाशी उघडपणे ‘गुलामांचा किनारा’ म्हणत. सोन्याचा किनारा, हस्तिदंताचा किनारा, तसा हा गुलामांचा. जिथून जो माल मिळे, त्याचे नाव त्या किनाऱ्याला. येथे माल म्हणजे माणूस होता.

४/
सुमारे साडेतीनशे वर्षांच्या अटलांटिक गुलामव्यापारात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अंदाजे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत कोंबली गेली. त्यांपैकी सुमारे २० लाख बेनिनच्या उपसागरातून गेली. या उपसागरावरचे सर्वांत मोठे गुलामबंदर म्हणजे वीदा. इतिहासकारांच्या मते एकट्या वीदामधून दहा लाखांहून अधिक बंदिवान समुद्रापार धाडले गेले. नोकुए सरोवर या बंदराच्या पूर्वेला, एक-दोन दिवसांच्या चालीवर आहे. म्हणजे हे सरोवर संकटाच्या अगदी उंबरठ्यावर होते.

५/
बंदिवान कोठून येत? युरोपीय व्यापारी सहसा किनारा सोडून आत जात नसत. माणसे पकडून आणण्याचे काम आतली राज्ये करीत. युद्ध, छापे, शिक्षा, कर्ज, अपहरण अशा अनेक वाटांनी माणूस विक्रीला येई. अठराव्या शतकात या भागात जे राज्य सर्वांत प्रबळ झाले, त्याचे नाव दाहोमे. फॉन भाषिकांचे हे राज्य समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, अबोमे येथे आकाराला आले होते.

६/
दाहोमेचा राजा अगाजा याने १७२४ मध्ये दक्षिणेचे अलाडा राज्य जिंकले आणि १७२७ मध्ये हुएडा राज्यासह वीदा बंदर ताब्यात घेतले. आतल्या प्रदेशातील एक राज्य तीन वर्षांत किनाऱ्यावर येऊन पोहोचले. १७२७ मध्येच विल्यम स्नेलग्रेव्ह हा इंग्रज गुलामव्यापारी अगाजाच्या छावणीत जाऊन आला. त्याचे वृत्तांताचे पुस्तक १७३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एका व्यापाऱ्याच्या नजरेने लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे लागते. तरीही त्या उलथापालथीचे ते समकालीन साधन आहे.

७/
‘द वूमन किंग’ (२०२२) या चित्रपटामुळे दाहोमेच्या स्त्री-सैनिकांची ओळख आजच्या पिढीला झाली. त्या पलटणी खऱ्या होत्या आणि त्यांच्या शौर्याबद्दल शंका नाही. मात्र ज्या गावांवर दाहोमेचे सैन्य चालून जाई, त्या गावांच्या बाजूने हाच इतिहास पाहिला तर वेगळे चित्र दिसते. पहाटेचा वेढा, पेटलेली छपरे, दोरखंडाने बांधलेली रांग आणि त्या रांगेच्या शेवटी समुद्र. गान्व्हिए हे त्या दुसऱ्या बाजूने सांगितलेल्या इतिहासाचे गाव आहे.

८/
या ठिकाणी भारताचाही एक धागा जोडलेला आहे. तो धागा म्हणजे कवडी. गुलामांच्या किनाऱ्यावर चलन म्हणून कवड्या चालत आणि त्या तिथल्या समुद्रात मिळत नसत. त्या येत मालदीव बेटांवरून. मालदीवच्या कवड्या बंगाल आणि श्रीलंकेच्या बंदरांत जमा होत, डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांतून ॲम्स्टरडॅम व लंडनला पोहोचत, आणि तेथून पुन्हा आफ्रिकेकडे रवाना होत. अठराव्या शतकात अशा सुमारे १० अब्ज कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरल्याचा अंदाज आहे.

९/
मराठीत ‘कवडीमोल’ म्हणजे जवळपास फुकट. आई भवानीच्या भक्ताच्या गळ्यातील कवड्यांची माळ ही श्रद्धेची खूण. तीच कवडी वीदाच्या बाजारात माणसाची किंमत मोजायला वापरली जाई. कवड्या दोऱ्यात ओवून, माळा मोजून, हिशेब होई. हिंदी महासागराच्या पुळणीवर वेचलेला शिंपला आणि अटलांटिकच्या जहाजातील साखळदंड एकाच व्यापारी जाळ्याचे भाग होते. आपल्या भाषेत क्षुल्लकतेचे प्रतीक ठरलेल्या वस्तूवर तिकडे आयुष्ये विकली गेली.

१०/
आता सरोवराकडे वळू. नोकुएचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस किलोमीटर आहे. खोली मात्र बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आतच. तळाशी मऊ गाळ. उत्तरेकडून ऊएमे आणि सो या नद्या त्यात येऊन मिळतात. मोठे जहाज येथे शिरू शकत नाही, आणि गाळामुळे पायी चालत येणाऱ्या सैन्याचाही निभाव लागत नाही. चालण्यासाठी खोल आणि जहाजासाठी उथळ, असे हे पाणी. येथे एकच वाहन चालते : सपाट बुडाची अरुंद होडी, आणि ती रेटायला एक लांब काठी.

११/
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत, वेगवेगळ्या भागांतून पळून आलेले गट या पाण्याच्या आश्रयाला येत गेले. कोणी अलाडाच्या बाजूने, कोणी ऊएमेच्या खोऱ्यातून. त्यांचे मूळ एक नव्हते, कुळेही एक नव्हती. पाण्यावर एकत्र राहता राहता त्यांचा एक नवा समाज घडला. त्यांना ‘तोफिनू’ म्हणतात. या शब्दाचा आशय ‘पाण्यावरची माणसे’ असा आहे. म्हणजे येथे आधी जमात होती आणि मग तिने गाव वसवले, असे घडलेले नाही. आधी भीती होती, मग आसरा मिळाला, आणि त्या आसऱ्यातून जमात जन्माला आली.

१२/
गावाची स्वतःची कथा याहून अद्भुत आहे. ती सांगते की, संकटकाळी त्यांच्या राजाने बगळ्याचे रूप घेतले, सरोवरावर उडून सुरक्षित जागा हेरली आणि मग मगरीच्या मदतीने आपल्या लोकांना पाण्यापार नेले. आज गावात या मूळपुरुषाचा पुतळाही दिसतो. इतिहासाचा अभ्यासक अशा कथेला पुरावा म्हणत नाही, पण ती टाकूनही देत नाही. आकाशातून पाणी पाहणारा पक्षी आणि पाण्यात दबा धरून राहणारा प्राणी ही दोन रूपके बरेच काही सांगतात. जागेची पारख आणि पाण्याचे ज्ञान या दोन गोष्टींनी आपल्याला वाचवले, ही जाणीव त्या समाजाने कथेत गुंफून ठेवली आहे.

१३/
येथे या थ्रेडचा मुख्य प्रश्न येतो. गान्व्हिएला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला होडीतच एक कथा ऐकवली जाते. बहुतेक प्रवासपुस्तकांतही तीच आढळते. कथा अशी : फॉन लोकांच्या धर्मात पाण्यावर जाऊन लढण्यास मनाई होती, म्हणून दाहोमेचे सैनिक किनाऱ्यावर थबकले आणि पाण्यातले लोक वाचले. कथा सुटसुटीत आहे. एका वाक्यात सारे उलगडते. पण ती कितपत खरी?

१४/
तिच्यात काही अंश निश्चित आहे. दाहोमेच्या राजांवर पाण्याविषयी आणि समुद्राविषयी धार्मिक निर्बंध असल्याचे परंपरा सांगते. मात्र राजावरचा निर्बंध म्हणजे साऱ्या सैन्यावरचा निर्बंध नव्हे. शिवाय दाहोमे पाण्याकाठच्या शत्रूंशी लढलेच नाही, असेही नाही. १७२७ मध्ये वीदा पडल्यावर हुएडाचा राजा हुफोन आपल्या लोकांसह पश्चिमेकडच्या खाजणातील बेटांवर जाऊन राहिला. दाहोमेला तो काटा कित्येक वर्षे सलत राहिला. त्याला संपवण्याचे प्रयत्न झाले, पण पाण्याने वेढलेल्या त्या बेटांनी ते अवघड करून ठेवले.

१५/
म्हणजे अडचण मुख्यतः व्यवहारातली होती. दाहोमे हे आतल्या भूमीवरचे राज्य. त्याचे सैन्य पायदळाचे. होड्या बांधणे, त्या हाकणे, गाळातल्या वाटा ओळखणे, हे कसब त्या सैन्याजवळ नव्हते. स्नेलग्रेव्हच्या काळातील युरोपीयांनाही हे स्पष्ट दिसत होते. बंदूक असलेला सैनिक डगमगत्या होडीत उभा राहिला की त्याची अर्धी ताकद तिथेच संपते. समोरचा मात्र जन्मापासून त्याच पाण्यावर वाढलेला असतो.

१६/
या दोन स्पष्टीकरणांतील फरक किरकोळ वाटेल, पण तो मोठा आहे. ‘शत्रूच्या धर्मात मनाई होती’ असे म्हटले की, वाचलेली माणसे केवळ नशीबवान ठरतात. त्यांनी स्वतः काही केले नाही. शत्रूच्या श्रद्धेने त्यांना वाचवले. याउलट, ‘शत्रूला पाणी येत नव्हते आणि यांनी ते शिकून घेतले’ असे म्हटले की, तीच माणसे इतिहास घडवणारी ठरतात. ती जमिनीवरची शेतकरी माणसे होती. पाणी हा त्यांचाही मूळ धर्म नव्हता. जीव वाचवण्यासाठी त्यांनी एक नवी जीवनपद्धती उभारली.

१७/
ती पद्धती कशी होती, हे आजही डोळ्यांनी पाहता येते. कठीण लाकडाचे खांब तळाच्या गाळात खोलवर रोवायचे. त्यांवर आडव्या वाशांची चौकट, तिच्यावर बांबूची किंवा ताडवर्गीय झाडांच्या देठांची जमीन, तशाच भिंती आणि वर गवताचे छप्पर. आता अनेक छपरांवर पत्रा आला आहे. पाण्यातले लाकूड कुजते, म्हणून काही वर्षांनी खांब बदलावे लागतात. घर एकदा बांधून होत नाही. ते सतत बांधत राहावे लागते. प्रत्येक घराखाली एक तरी होडी बांधलेली असते. होडी नसलेले घर येथे तुरुंगासारखे.

१८/
पण खरा प्रश्न अन्नाचा होता. शेत नाही, तर खायचे काय? तोफिनूंचे उत्तर म्हणजे ‘अकाजा’. उथळ पाण्यात झाडांच्या फांद्या दाटीने रोवून एक कृत्रिम झुडूप तयार करायचे. काही दिवसांत फांद्यांवर शेवाळ धरते. ते खायला आणि सावलीला मासे येतात, तिथेच अंडी घालतात, वाढतात. काही महिन्यांनी त्या जागेला जाळ्याने वेढा घालून, फांद्या उपटून, मासे काढायचे. हे मासे पकडणे कमी आणि मासे पिकवणे अधिक. जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांनी पाण्यात शेत तयार केले होते.

१९/
पकडलेले मासे भाजून, धुरावून किनाऱ्यावरच्या बाजारात जात आणि त्यांच्या बदल्यात मका, कंदमुळे, लाकूड, कापड परत येई. हा व्यापार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिला आणि आजही तसाच आहे. पुरुष मासे काढतात, स्त्रिया ते विकतात आणि हिशेब ठेवतात. सकाळचा तरंगता बाजार हे त्याचे जिवंत रूप. रुंद काठांच्या टोप्या घातलेल्या स्त्रिया, पुढ्यात भाजी, मिरची, इंधन, भांडी, आणि होड्यांना होड्या लागून चाललेली घासाघीस. म्हणजे हे गाव जगापासून तुटलेले कधीच नव्हते. आसरा पाण्यात असला तरी चूल किनाऱ्याशी जोडलेली होती.

२०/
येथे एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. ज्या पाण्याने यांना वाचवले, त्याच पाण्यावरून इतरांना विकायला नेले गेले. किनाऱ्याला समांतर पसरलेली खाजणे आणि सरोवरे ही या प्रदेशाची वाहतुकीची मुख्य वाट होती. बंदिवानांनी भरलेल्या होड्या याच आतल्या जलमार्गांनी बंदरांकडे जात. त्यामुळे नोकुए म्हणजे निर्मळ आश्रयस्थान आणि बाहेर सारा अंधार, अशी सरळ विभागणी करता येत नाही. आश्रय आणि धोका एकाच पाण्यावर शेजारी शेजारी तरंगत होते. तोफिनूंना दररोज समोरून येणाऱ्या होडीत कोण आहे, हे ओळखावे लागत असणार.

२१/
आणि जे पाण्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत, त्यांचे काय झाले? १८६० मध्ये, अमेरिकेत गुलामांची आयात बेकायदा ठरून अर्धे शतक उलटल्यावर, ‘क्लोटिल्डा’ नावाचे जहाज वीदाहून सुमारे ११० बंदिवान घेऊन अलाबामाला गेले. त्यांत दाहोमेच्या छाप्यात पकडला गेलेला कोसोला नावाचा तरुण होता. अमेरिकेत त्याला कजो लुईस म्हणत. तो १९३५ पर्यंत जगला. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने त्याच्याकडून ऐकलेली हकीकत ‘बॅराकून’ या पुस्तकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी त्या जहाजाचे अवशेष सापडल्याचे निश्चित झाले. कोसोलाच्या गावाभोवती सरोवर नव्हते.

२२/
गुलामव्यापार ओसरला, तेव्हा त्याची जागा पामतेलाने घेतली. युरोपातील साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांच्या वंगणासाठी हे तेल हवे होते. नंतर फ्रेंच आले. १८९२ च्या मोहिमेत त्यांच्या तोफनौका ऊएमे नदीतून वर सरकल्या. नोव्हेंबर १८९२ मध्ये अबोमे पडले आणि जानेवारी १८९४ मध्ये राजा बेहान्झिन शरण आला. दाहोमेला जे पाणी कधी वश झाले नव्हते, त्याच पाण्याच्या वाटेने दाहोमेचा शेवट जवळ आला. तोफिनूंचा जुना शत्रू संपला. तरीही ते जमिनीवर परतले नाहीत.

२३/
का परतले नाहीत? कारण दीड-दोनशे वर्षांत आसऱ्याचे घर झाले होते. भाषा, दैवते, लग्नाचे रिवाज, मुलांचे खेळ, पोटापाण्याची विद्या, सारे पाण्याशी बांधले गेले होते. किनाऱ्यावर ते निराधार ठरले असते. पाण्यावर ते मालक होते. निर्वासितपण किती पिढ्यांनी संपते, या प्रश्नाचे एक उत्तर गान्व्हिए देते. ज्या दिवशी परत जाण्याची वाट मोकळी होते आणि कोणालाच जावेसे वाटत नाही, त्या दिवशी ते संपते.

२४/
साम्राज्यांच्या शेवटाची एक नोंद गोव्याशी जुळते. वीदा येथे पोर्तुगिजांनी १७२१ मध्ये किल्ला बांधला होता. गुलामव्यापार संपल्यावरही तो इवलासा तुकडा पोर्तुगालच्या ताब्यात राहिला. १९६० मध्ये दाहोमे फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि १ ऑगस्ट १९६१ रोजी त्याने तो किल्ला घेतला. जाता जाता पोर्तुगीज अधिकाऱ्याने तो पेटवून दिला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. जगाच्या दोन टोकांवरच्या दोन पोर्तुगीज मालमत्ता पाच महिन्यांच्या आत सुटल्या. पुढे १९७५ मध्ये दाहोमेने आपले नाव बदलून बेनिन असे ठेवले.

२५/
आज गान्व्हिएला पोहोचणे अवघड नाही, आणि फार खर्चाचेही नाही. कोटोनू शहरातून ‘झेमिजान’ नावाच्या भाड्याच्या मोटारसायकलीने किंवा सामायिक टॅक्सीने अबोमे-कालावीच्या धक्क्यावर जाता येते. तिथे प्रवाशांसाठी तिकिटाची खिडकी आहे. मोटर लावलेली होडी लवकर पोहोचवते. काठीने रेटलेली होडी वेळ घेते. काटकसरीने फिरणाऱ्या इतिहासप्रेमीला दुसरी होडी अधिक शिकवते. वाटेत अकाजाच्या फांद्यांची कुंपणे, जाळे फेकणारे कोळी, मासे घेऊन किनाऱ्याकडे निघालेल्या स्त्रिया हळूहळू समोरून जातात. किनारा मागे पडायला किती वेळ लागतो, हे अंगाला कळते. पळून येणाऱ्यांनी हेच अंतर कापले होते.

२६/
दुपारच्या धावत्या फेरीपेक्षा गावातच खांबांवरच्या एखाद्या साध्या खोलीत रात्र काढली, तर पहाटेचा बाजार पाहता येतो आणि पैसाही गावातच राहतो. एक गोष्ट मात्र पाळायला हवी. येथील अनेक जण कॅमेरा दिसताच तोंड फिरवतात, टोपी पुढे ओढतात. त्यामागे राग असतो आणि त्या रागाला कारण आहे. रोज होड्या भरून अनोळखी माणसे येतात, घरात डोकावतात, चित्र टिपतात आणि निघून जातात. ज्यांच्या पूर्वजांना कधी माल म्हणून मोजले गेले, त्यांना पुन्हा देखावा म्हणून मोजले जाऊ नये. आधी विचारावे, नकार मिळाला तर कॅमेरा खाली ठेवावा.

२७/
प्रवासी या गावाला ‘आफ्रिकेचे व्हेनिस’ म्हणतात. हे बिरूद ऐकून गुळगुळीत झाले आहे, पण त्यात एक नकळत आलेले सत्य आहे. व्हेनिसची परंपराही हेच सांगते की, सहाव्या शतकात लोंबार्डांच्या आक्रमणापासून पळालेली माणसे खाजणातील बेटांवर गेली आणि तिथे शहर वसले. म्हणजे साम्य कालव्यांपुरते नाही. दोन्हीकडे भीतीने माणसाला पाण्यावर नेले. फरक इतकाच की, व्हेनिस पुढे स्वतः सत्ता झाले आणि त्याच्या संगमरवराकडे पाहताना ती भीती कोणाला आठवत नाही. गान्व्हिएने ती आपल्या नावातच ठेवली आहे.

२८/
आजचे संकट वेगळ्या रूपात आले आहे. १८८५ मध्ये फ्रेंचांनी कोटोनू येथे वाळूचा पट्टा कापून सरोवर समुद्राला जोडले. तेव्हापासून कोरड्या ऋतूत खारे पाणी आत येते, आणि पुराच्या काळात नद्यांचे गोडे पाणी ते बाहेर ढकलते. गोडे पाणी आले की जलपर्णी फोफावते आणि होड्यांच्या वाटा अडवते. खारे पाणी आले की ती मरते आणि कुजते. शेजारच्या महानगराचा कचरा आणि सांडपाणी सरोवरात उतरते. माणसे वाढली, मासे घटले. अकाजासाठी लागणाऱ्या फांद्यांमुळे किनाऱ्यावरची झाडे तुटली आणि कुजलेल्या फांद्यांनी तळ उथळ केला. जे तंत्र तारक होते, तेच प्रमाणाबाहेर गेल्यावर जाचक ठरले.

२९/
पिण्याचे पाणीही येथे विकत घ्यावे लागते. कूपनलिकेच्या नळापाशी स्त्रिया होडीत मोठमोठी भांडी भरून घेतात. चहूकडे पाणी आणि घोटभर पाण्यासाठी रांग. १९९६ पासून हे गाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे. अलीकडे बेनिन सरकारने त्याच्या पुनर्रचनेची योजनाही हाती घेतली आहे. पर्यटकांना सुंदर दिसेल आणि रहिवाशांनाही राहता येईल, असे गाव घडवणे सोपे नाही. वारसा जपायचा म्हणजे खांब जपायचे की त्या खांबांवरची माणसे, हा निर्णय पुढच्या काही वर्षांत व्हायचा आहे.

३०/
गुलामव्यापाराचा इतिहास आपण बहुधा जहाजांच्या नोंदींतून वाचतो : किती चढवले, किती मेले, किती उतरले. जे कधी जहाजावर चढलेच नाहीत, त्यांची नोंद त्या वह्यांत नसते. गान्व्हिए ही त्यांची नोंद आहे. गाळात रोवलेला प्रत्येक खांब सांगतो की, पकडला जाणे हे या प्रदेशातील माणसाचे अटळ प्राक्तन नव्हते. काहींनी विचार केला, जागा हेरली, नवी विद्या शिकली आणि आपल्या मुलांना कवड्यांच्या माळेने मोजले जाण्यापासून वाचवले. पुराव्याच्या शोधात निघालेल्या तरुण अभ्यासकाने कागदांइतकेच अशा खांबांकडेही पाहावे.

(थ्रेड समाप्त)